लांब घंटेचा रविवार

बाबांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते आणि त्यांच्या खुर्चीवर अजून कोणी बसलं नव्हतं. आत्या आली आणि थेट तिथेच बसली.

"असे बघू नका सगळे माझ्याकडे," पर्स मांडीवर ठेवत ती म्हणाली. "खुर्चीच आहे. लहानपणी त्याने मला हिच्यावरून दोनदा ढकललंय. माझा हक्क आहे."

आई हसली. एकोणीस दिवसांत पहिल्यांदाच. मग हसल्याचं वाईट वाटून तिने कपबशा पुसायला घेतल्या. त्या पुसलेल्याच होत्या.

शनिवारची दुपार होती. पाळकघराची, म्हणजे आमच्या घराची, जेवणाची खोली देवळाला लागून आहे; चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. मधे फक्त एक फरसबंद वाट. त्यामुळे देवळातला आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा येतो. त्या दुपारी तिकडून काहीतरी खरवडल्याचा आवाज येत होता. थोडा वेळ यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा.

"उंदीर झालेत का रे देवळात?" आत्याने दादाला विचारलं.

"मोठे काका आहेत घंटाखोलीत," वहिनी म्हणाली. "उद्याची तयारी करत असतील."

उद्या म्हणजे लांब घंटेचा रविवार. एकसष्ट वर्षं आमच्या देवळाची घंटा त्या रविवारी सकाळी दहा चाळीसला सुरू होते आणि चाळीस मिनिटं थांबत नाही. आधी ती फक्त आमची होती. मग शहराची झाली. मग सरकारने त्याला कृतज्ञता दिवस म्हटलं आणि देशातल्या प्रत्येक देवळाला तेवढाच वेळ घंटा वाजवायला सांगितलं. पहिला टोला मात्र अजून आमचाच. तो रेडिओवरून जातो, आणि तो ऐकला की बाकीचे आपापले दोर ओढतात. शाळेच्या पुस्तकात आजोबांचा धडा आहे. नदीपलीकडून आलेले खाणकामगार त्या रविवारी शांतपणे ट्रकमध्ये बसून आपल्या मुलखात परत गेले, होऊ घातलेलं युद्ध टळलं, आणि एका साध्या पाळकाने आनंदाने चाळीस मिनिटं घंटा वाजवली. मी तो धडा पाठ म्हणून बक्षीस मिळवलं होतं.

यंदा गृहमंत्री येणार होते. बाबांच्या जागी पाळक म्हणून पहिल्यांदाच दादा उभा राहणार होता.

"मंत्र्यांच्या माणसांनी मागचे चार बाक मागितलेत," दादा म्हणाला. "पहाऱ्यासाठी."

"ते चार नाही द्यायचे," आई म्हणाली.

ते चार बाक आमच्याकडे कायम रिकामे असतात. वाटसरूंसाठी, असं आम्हाला लहानपणी सांगितलेलं. वाटसरू कधी आलेला मी पाहिला नाही. बाबा मात्र प्रत्येक उपदेशाआधी त्या बाकांकडे बघून विचारायचे, "मागे ऐकू येतंय ना?" आणि उत्तराची वाट पाहायचे. मंडळीत त्यावर पोरं हसायची.

"त्याच्या या खोडीवरून आम्ही त्याची किती टर उडवायचो," आत्या म्हणाली. "एकदा मी मागे लपून 'नाही' म्हणून ओरडले. हा पांढराफटक पडला. आठवडाभर बोलला नाही माझ्याशी."

कोणी हसलं नाही. दादाने माझ्याकडे पाहिलं. आदल्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं होतं आणि त्याने फक्त एवढंच म्हटलं होतं की, आत्यासमोर बोल, नाहीतर मला वेड लागेल.

"छोटीला काहीतरी सांगायचंय," तो म्हणाला.

मी ग्रंथालयात काम करते. माझा दिवस दुसऱ्यांच्या वाक्यांना त्यांच्या जागी लावण्यात जातो. स्वतःची वाक्यं मला नीट लावता येत नाहीत, म्हणून मी सरळ सांगून टाकलं.

"बाबांनी दवाखान्यात मला सांगितलं, यंदा घंटा वाजवू नका. चाळीस मिनिटं गप्प बसा. आणि का ते लोकांना सांगा. ट्रक कुठेही गेले नव्हते, आत्या. देवळामागच्या खाणीत उतरवलं त्यांना. गोळ्यांचा आवाज शहरात जाऊ नये म्हणून आजोबांना घंटा वाजवायला लावली."

खरवडण्याचा आवाज थांबला होता. आत्याने पर्सचा खटका उघडला, मिटला.

"गुंगीत होता तो," ती म्हणाली. "शेवटी शेवटी माणूस काय वाटेल ते बोलतो. माझ्या सासऱ्यांना छतावर घोडे दिसायचे."

"गुंगी संध्याकाळी असायची," वहिनी म्हणाली. ती परिचारिका आहे. शेवटचे दोन महिने बाबांचं सगळं तिनेच केलं. "सकाळी पूर्ण शुद्धीत असायचे. तुमचा वाढदिवस लक्षात ठेवून त्यांनीच मला फोन लावायला सांगितला होता."

आत्याने तिच्याकडे बघितलं नाही. "आणि हे तुलाच का सांगितलं गं, पुस्तकवाले? पाळक तर हा आहे."

तेच मी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, तू मुलगी, तुला कोणी दोर ओढू दिला नाही, तुझे कान शाबूत आहेत. आमच्या घराण्यात बाप्ये बहिरे होतात. आजोबा झाले, मोठे काका पन्नाशीतच ठार बहिरे झाले, बाबांना शेवटी उजव्या कानाने तेवढं ऐकू यायचं. घंटेखाली उभं राहण्याचा रोग, असं आम्ही म्हणायचो. बाबा तसं म्हणाले नाहीत. "देवाचा न्याय म्हणजे वीज कोसळते असं मी तीस वर्षं शिकवलं," ते म्हणाले. "तसं नसतं गं. जे मागितलं ते तो देतो, बस. आम्हाला ऐकायचं नव्हतं. एका घराला नव्हतं, शहराला नव्हतं, देशाला नव्हतं. दिलं त्याने." मग पाणी मागितलं. प्यायले नाहीत. आजोबांनी मरताना त्यांना सांगितलं होतं, आणि त्यानंतर तीस वर्षं दर वर्षी घंटेची खूण त्यांनीच दिली होती. हे सांगताना त्यांनी माझा हात सोडून दिला. धरण्याचा हक्क नसल्यासारखा.

मी एवढं सगळं जेवणाच्या टेबलावर सांगू शकले नाही. फक्त कानांचं सांगितलं.

"देशाच्या पापाचा न्याय करायला आपण कोण?" दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण बोटं टेबलाची कड दाबत होती. "मी पाळक आहे, न्यायाधीश नाही. माझ्याकडे चारशे माणसं आहेत. उद्या मी उभा राहून हे बोललो तर परवा त्यांचं काय होईल? नोकऱ्या जातील. हे घर जाईल. आई कुठे जाईल? मेंढपाळाने कळप उचलून लांडग्यासमोर न्यायचा का?"

"एकसष्ट वर्षं कळप लांडग्याच्या वाढदिवसाला गाणी म्हणतोय, दादा."

"हे वाक्य तयार करून आणलं होतंस ना?"

"हो," मी म्हणाले. खरंच आणलं होतं.

"थोरल्याला बोलवा," आत्या एकदम म्हणाली. "तो होता तिथे. मी तीन वर्षांची, तुमचा बाप सातचा. थोरला एकोणीसचा होता, दोर त्याने ओढलाय. विचारा त्यालाच. मग हा तमाशा बंद."

मोठ्या काकांशी बोलायचं म्हणजे पाटी लागते. आपण लिहायचं आणि ते उत्तर ओरडून द्यायचे. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने त्यांचं सगळंच बोलणं भोंग्यावरचं. त्यांच्याकडे गुपित म्हणून काही नसायचंच. शेजारच्या दोन लग्नांच्या बातम्या त्यांच्यामुळे वेळेआधी फुटल्या होत्या. असा माणूस एकसष्ट वर्षं काही पोटात ठेवू शकेल, हे मलाही पटत नव्हतं.

वहिनी त्यांना घेऊन आली. ऐंशीचे, ताठ, धुतलेल्या शर्टात. नखांत हिरवा रंग भरला होता.

"चहा झाला का?" ते गरजले.

आत्याने पाटी ओढून लिहिलं: आपल्या वडिलांनी घंटा का वाजवली? अक्षरं मोठी, रागीट. त्याखाली रेघ मारली.

काकांनी वाचलं. सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. बाबांच्या खुर्चीकडेही पाहिलं. मग ते कुजबुजत बोलायला लागले. आम्ही कोणी त्यांना कधी कुजबुजताना ऐकलं नव्हतं. आवाज घासलेला, तरुण वाटणारा होता. जणू त्या दिवसापासून राखून ठेवलेला.

"अधिकारी कमानीत उभा होता. म्हणाला, मी हात खाली करेपर्यंत वाजवा. आम्ही आळीपाळीने ओढत होतो. मागच्या दाराला कडी होती, ती हलायला लागली. आवाज नव्हता. घंटेखाली कसला आवाज. नुसती उडत होती कडी." त्यांनी टेबलावर एक बोट उचलून आपटलं, पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. "खाणीतून वर पळत आले होते काही जण. त्यांना ते दार माहीत होतं. दर रविवारी तिथूनच तर यायचे. मागच्या चार बाकांवर बसायचे. मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. दोर सोडला असता तर दाराला दोन पावलं होती. दोन." बोट थांबलं. "मग कडी हलायची थांबली. अधिकाऱ्याने हात खाली केला."

आई उभीच होती. तिच्या हातातला कप मी काढून घेतला.

"पुढच्या वर्षी त्याच दिवशी वडील एकटेच आत गेले. स्वतःला शिक्षा म्हणून. चाळीस मिनिटं. हात फुटले. बोलायची हिंमत नव्हती त्यांच्यात, दोर ओढायची होती. लोकांना वाटलं, आनंद झालाय. लोक आले, गायला लागले. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी आले. मग काय सांगणार?"

आमच्या घराण्याची चूक ती एवढी. आजोबांनी पश्चात्ताप केला, पण बिनशब्दांचा. आणि घंटा रडत असली तरी बाहेर ती वाजतेच.

"फोड आले होते त्यांच्या हातांना," आत्या हळूच म्हणाली. तिचा चेहरा आता मंडळीच्या मानकरिणीचा नव्हता. "मला आठवतात. आई लोणी लावत होती. मला म्हणाली, आनंदाने आलेत. मी दर वर्षी रेडिओवर सांगते ते. आनंदाने आलेले फोड."

आईने फडकं घडी घालून टेबलावर ठेवलं. मग, कुणी न विचारता, म्हणाली, "ते चार बाक मी दर शनिवारी पुसते. लग्न होऊन आले तेव्हापासून. बाकीच्या बाकांवर धूळ असते. त्यांच्यावर कधीच नसते. मला वाटायचं, भावोजी पुसत असतील." तिने काकांकडे पाहिलं. कोणी पाटीवर लिहिलं नाही. तरी काकांनी मान हलवली. नाही.

दादाने पाटी पुसली आणि लिहिलं: उद्या दिवा लागेल.

घंटाखोलीत एक लाल दिवा आहे. बटण उपदेशपीठावर. काकांना ऐकू येत नाही म्हणून बाबांनी तो बसवून घेतला होता. दिवा लागला की काका दोर ओढणार.

काकांनी वाचलं, बाहीने पुसलं. "लागला तर ओढीन!" ते नेहमीच्या आवाजात गरजले, आणि चहा न घेता देवळाकडे निघून गेले. थोड्या वेळाने खरवडणं पुन्हा सुरू झालं.

पुढचं मी पाहिलं नाही. वहिनीने मला ते काही महिन्यांनी सांगितलं.

ऊन उतरता उतरता ती दादाला शोधत देवळात गेली. तो उपदेशपीठावर उभा राहून उद्याचा उपदेश रिकाम्या देवळाला वाचून दाखवत होता. चांगला लिहिला होता, ती म्हणाली. राष्ट्र, आशीर्वाद, कृतज्ञता, सगळं जागच्या जागी. ती बाजूने पायऱ्या चढून त्याच्या डावीकडे उभी राहिली.

"मागच्या दाराचा रंग काकांनी खरवडलाय," ती म्हणाली. "कडी मोकळी केलीय. तेल घातलंय."

तो वाचत राहिला.

"ऐकतोस का?"

तो वाचत राहिला. ती एक पाऊल आणखी जवळ गेली, त्याच्या डाव्या कानाशी, आणि नेहमीच्या आवाजात त्याचं घरातलं नाव घेतलं. त्याने पान उलटलं.

मग ती समोरून आली. तो दचकला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

"मी परिचारिका आहे. आणि तुझी बायको आहे. कोणाला फसवतोयस?"

त्याने कागदांच्या कडा जुळवल्या. मग म्हणाला, "दोन वर्षं. दोर तर मी फारसा ओढलाही नाही गं. मोजून पाच-सहा वेळा." त्याने कागद खाली ठेवले. "बाबांना सांगितलं होतं मी. ते रडले. मला वाटलं, कानासाठी रडले."

वहिनीने त्याच्या डाव्या कानावर तळहात ठेवला. नुसता ठेवला. त्या शांततेत घंटेचा दोर हलत होता, ती म्हणाली. वारा नव्हता. लोलकाला बांधलेली चामड्याची गादी, बाबांच्या अंत्यविधीला टोले दबके यावेत म्हणून लावलेली, अजून काढायची होती. तिच्या वजनाने असेल.

"तू काय करायला सांगतेस?" त्याने विचारलं.

"मी काही सांगत नाही. मी उद्या तुझ्या उजवीकडे बसेन. काही म्हणालास तर मला ऐकू येईल."

रविवारी सकाळी देऊळ खचाखच भरलं. मागचे चार बाक सोडून. मंत्र्यांची माणसं तिथे बसायला आली होती, पण आईने त्यांच्यासमोर उभी राहून सांगितलं, "या जागा ठेवलेल्या आहेत." कोणासाठी ते त्यांनी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे पाहून मीही विचारलं नसतं. ती माणसं भिंतीला टेकून उभी राहिली.

मी त्या चार बाकांच्या लगेच पुढे असलेल्या बाकावर होते. मान वळवली की कमानीतून घंटाखोली दिसायची: काका, दोर, न लागलेला दिवा आणि मागचं हिरवं दार. कडीभोवतीचं लाकूड उघडं पडलेलं होतं. माझ्या शेजारी आत्या, तिच्या सन्मानाचा बिल्ला न लावता. मधल्या वाटेत रेडिओचा माणूस कानांवर हेडफोन चढवून बसला होता, एक बोट वर करून. दहा एकोणचाळीस.

दादा पीठावर चढला. बाबांचा झगा त्याला खांद्यात सैल होता. त्याचा अंगठा बटणावर होता. मला इतक्या लांबून तो कसा दिसला असेल, असं आता वाटतं. पण मला त्याचं नखसुद्धा दिसत होतं.

रेडिओवाल्याचं बोट खाली आलं.

देशभर माणसं दोर धरून उभी होती. अंगठा तिथेच होता. दहा सेकंद. वीस. पुढच्या बाकावर मंत्र्यांनी घड्याळ पाहिलं. मग दादाने हात बटणावरून उचलला आणि दोन्ही हातांनी पीठाची कड धरली.

"माझ्या आजोबांनी ही घंटा आनंदाने वाजवली नव्हती," तो म्हणाला. "मागच्या खाणीत माणसं मारली जात होती. त्यांचा आवाज तुम्हाला येऊ नये म्हणून वाजवली. त्यांतले काही या मंडळीचे होते. ते आपल्या दारापर्यंत आले. आपण उघडलं नाही." त्याने कमानीतल्या दाराकडे पाहिलं. "आपण देवाकडे आशीर्वाद मागत आलो. त्याने आधी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण दिलं नाही. तुझा भाऊ कुठे आहे, हे तो एकसष्ट वर्षं विचारतोय, आणि आपण घंटा वाजवतोय. आज ती वाजणार नाही. चाळीस मिनिटं आपण ऐकू या. ज्यांना जायचं त्यांनी जावं. मी राहतो."

मंत्री तिसऱ्या मिनिटाला उठले. त्यांच्या बुटांचा आवाज पूर्ण वाटभर ऐकू आला, आणि त्यांच्यामागून आणखी बऱ्याच बुटांचा. मग मुख्य दार लागलं. मी मनात म्हटलं, आत्या जाईल. आत्याने माझा हात धरला. देऊळ निम्म्याहून थोडं जास्त भरलेलं राहिलं.

आणि मग कुठूनही घंटा आली नाही. टेकडीवरच्या देवळातून नाही, बाजारातल्या नाही, नदीकाठच्या नाही. सगळे आमच्या पहिल्या टोल्याची वाट बघत होते. मी जन्मात त्या रविवारची ती वेळ बिनघंटेची ऐकली नव्हती. आधी मला फक्त माझंच रक्त कानात ऐकू आलं. मग कोणाचा तरी खोकला. मग छताच्या लाकडाचा करकर आवाज. मग मागून, अगदी माझ्या पाठीमागून, बाक कुरकुरला. उन्हाने लाकूड कुरकुरतं. मी वळून पाहिलं नाही.

मी रेडिओवाल्याकडे बघत होते. त्याने यंत्र बंद केलं नव्हतं. एक जण त्याच्याजवळ वाकून काही सांगत होता, तार काढ म्हणत असावा. त्याला ते ऐकू जात नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले होते. त्याचा चेहरा हळूहळू वळत होता, समोरून बाजूला, बाजूला होत होत मागे. मागच्या दाराकडे.

तेव्हा मी वळले.

कडी हलत होती का? मी शपथेवर सांगणार नाही. आत्या म्हणते हलत होती. वहिनी म्हणते, खाणीकडून वारा येतो आणि ती कडी नुकतीच मोकळी केलेली होती. मी पाहिले ते काका. त्यांनी दोर सोडून दिला होता. तीस वर्षं ज्याला काही ऐकू आलं नव्हतं, त्या माणसाने मान किंचित कलती केली होती, कोणी दारात हाक मारल्यावर घरातला माणूस करतो तशी.

ते दाराकडे गेले. दोन पावलं. मी मोजली.

कडी सहज निघाली. दार उघडलं तशी खाणीची गार, दगडी हवा आत आली आणि पुढच्या बाकापर्यंत मेणबत्त्या एका बाजूला झुकल्या. बाहेर कोणी नव्हतं. पांढरं ऊन, गवत, पलीकडे कातळाची कड. काका दाराला पाठ लावून, ते धरून उभे राहिले, आणि त्यांनी मान लववली. रविवारी देवळाच्या दारात उभा असलेला माणूस येणाऱ्याला लववतो तशी. थोडं थांबून पुन्हा लववली. मग पुन्हा. एकदा खाली वाकून हात पुढे केला, कंबरेहून कमी उंचीवर.

भिंतीला टेकलेल्या माणसांतला एक जण बाहेर जायचा राहिला होता. त्याने टोपी काढली.

मोजायला नको होतं, पण माझा स्वभाव. तेवीस. चार बाकांवर चोवीस माणसं बसतात. तेविसाव्यानंतर काका थांबले, बाहेर बघत राहिले, आणि दार तसंच उघडं टाकून आत आले. शेवटच्या बाकाशी उभे राहिले. ऐंशी वर्षांचा माणूस. मी न राहवून त्यांना हाताने खूण केली, एक जागा आहे, बसा.

"माझी नाही ती," ते कुजबुजले.

मी उठले आणि माझी जागा त्यांना दिली. ते बसले. मी त्यांच्या मागे, त्या चार बाकांच्या कडेला उभी राहिले. दवाखान्यात बाबांच्या उशाशी उभी राहायचे तशी. लाकडाला हात लावला तेव्हा ते गरम होतं. ऊन तिथवर आलेलं नव्हतं.

अकरा वीसला कोणी खूण केली नाही. दादाने स्वतःच घड्याळ पाहिलं. त्याच्या पुढे लिहिलेला उपदेश पडून होता, तो त्याने उलटा करून ठेवला. डावा कान त्याने पुसला, हाताच्या मागच्या बाजूने, लहानपणी पोहून आल्यावर पुसायचा तसा. मग त्याने मंडळीवरून, माझ्यावरून, शेवटच्या चार बाकांकडे पाहिलं.

"मागे ऐकू येतंय ना?" त्याने विचारलं.

पोरं हसली नाहीत. दादा थांबला. बाबा थांबायचे त्याहून जास्त थांबला, उजवा कान थोडा पुढे करून. आणि मग, समोरून उत्तर आल्यावर माणूस हलवतो तशी मान हलवून, त्याने पापकबुलीची प्रार्थना सुरू केली. पहिला शब्द होता, आम्ही.